लाभार्थी पडलेले नाहीत

तागडीकाका पडले नव्हते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे या विषयावर इतक्या लोकांनी इतकं काही बोलून ठेवलं की खुद्द काकांनाच मधे एकदा स्वतःबद्दल शंका आली. ते घसरले होते. घसरणं वेगळं आणि पडणं वेगळं. बाथरूमच्या दाराशी त्यांचा पाय सरकला, त्यांनी टॉवेलचा दांडा धरला, दांडा भिंतीतून उपटून आला आणि काका दांडा हातात घेऊन होते तिथेच उभे राहिले. त्यांच्या मते अपघात झाला असेल तर तो दांड्याला झाला होता. तो ज्या खोक्यातून आला त्यावर 'आयुष्यभर भक्कम' असं छापलेलं होतं, आणि काकांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेली होती. काटा चिमूटभर जरी झुकला तरी भल्याभल्या दुकानदारांचे काटे त्यांनी जप्त केले होते. लोकांनी त्यांना तागडीकाका हे नाव दिलं ते आधी चिडून, मग कौतुकाने, आणि आता नुसत्या सवयीने.

म्हणून त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी दूर दुसऱ्या शहरात, नवरा आणि सासूबाईंसोबत राहते, मोठ्या हुद्द्यावर आहे. दांड्याच्या कंपनीला एखादं खरमरीत पत्र तिच्या भाषेत छान उतरेल, एवढाच काकांचा साधा विचार. त्यांनी दांड्याची जाडी, स्क्रूची लांबी, खोक्यावरचा धादांत खोटा दावा, सगळं मुद्देसूद सांगितलं. मुलीने त्यातले दोनच शब्द ऐकले, बाथरूम आणि घसरलो. दांड्याला जाब विचारायचा राहिला तो राहिलाच.

पुढच्याच आठवड्यात दारात एक फिटर उभा. एका खांद्यावर ड्रिल, दुसऱ्या हातात खोकी, आणि पाठोपाठ जावयांचा फोन. जावई म्हणजे अत्यंत सज्जन माणूस, पण एखादी गोष्ट सोपी आहे असं ते म्हणाले की काका सावध होतात. बाबांनी काही म्हणजे काहीच करायचं नाही, नेहमीसारखं फक्त राहायचं, बाकी सगळं यंत्रणा बघेल, असं जावयांनी सांगितलं. आपल्याच घरात आपण 'फक्त राहायचं' ही सूचना काकांना कुठेतरी खटकली, पण तोवर भिंतीत पहिलं भोक पडलं होतं.

फिटरने दुपारपर्यंत घराची चाळण केली. हॉलच्या कोपऱ्यात एक डोळा बसला. त्यात चेहरा दिसत नाही, नुसती आकृती दिसते, असं फिटरने जणू सवलत दिल्यासारखं सांगितलं. फ्रिजच्या दाराला पट्टी, गादीखाली चटई, बाथरूमच्या चौकटीवर पांढरं बटण, काकांच्या मनगटावर रबरी पट्टा आणि टीव्हीशेजारी एक बोलकी डबी. काका फिटरच्या मागे मागे हिंडत एकच प्रश्न विचारत होते, की यावर तपासणीचा शिक्का कुठे आहे. जे यंत्र मोजतं त्यावर शिक्का लागतो, मग ते कांदे मोजो की माणूस मोजो, हे काकांना सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. फिटरने बराच विचार करून यंत्राच्या पाठीवर एक स्टिकर दाखवलं. त्यावर कंपनीचा फोन नंबर होता.

फिटर गेला आणि डबीने तोंड उघडलं. "नमस्कार आजोबा. मी तुमची काळजी घेणार आहे हं."

काकांना नातवंड नाही. त्यामुळे ही कुठली कोण डबी आपल्याला कोणत्या नात्याने आजोबा म्हणते, हा पहिला प्रश्न. आणि त्या 'हं'चं काय करायचं, हा दुसरा. शाळेत पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराशी बोलावं तसं ते हं होतं. काकांनी डबीला सांगून पाहिलं की मला साहेब म्हण, निदान काका म्हण. डबी म्हणाली, छान, आता थोडं पाणी पिऊया. काकांना तहान नव्हती. पण नाही म्हटलं की डबी थोड्या वेळाने पुन्हा विचारते आणि पुन्हा हं करते, हे लक्षात आल्यावर त्यांनी तो अपमान पाण्याबरोबर गिळला.

शेजारपाजारी बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर बँकवाले राहतात. बँकेतून निवृत्त झाले तरी समोर येणारा प्रत्येक माणूस खोटी सही घेऊन आलाय असंच ते बघतात. त्यांनी डोळ्याकडे पाठ करून, तोंडावर हात धरून सांगितलं की हे सगळं परदेशात कुठेतरी साठवतात आणि मग तुमचं काय होईल ते सांगता येत नाही. काय होईल असं काकांनी विचारलं, तर तेच तर सांगता येत नाही, असं ते म्हणाले. शेजारच्या शिवणबाई शिवणकाम करतात, काकांच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. काकू गेल्यापासून अधूनमधून त्या डोकावूनही जातात. त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटा केला, बक्कल कच्चं आहे, मी लावून देते म्हणाल्या, आणि डोळ्यावर घालायला एक छानशी टोपी शिवून देऊ का असंही विचारलं. काकांनी नको म्हटलं. सरकारी माणूस यंत्रावर कापड घालत नाही, तो यंत्राचा पंचनामा करतो.

इथवर सगळं सहन करण्यासारखं होतं. मग एका सकाळी विहीणबाईंचा फोन आला.

आता विहीणबाईंबद्दल सांगायला हवं. लग्नापासून आजवर काका विहीणबाईंसमोर कधी इस्त्री नसलेल्या शर्टात गेलेले नाहीत. त्यांच्याकडे मुक्कामाला गेले तर काका सगळ्यांच्या आधी उठून, आंघोळ उरकून, भांग पाडून पेपर वाचत बसतात, म्हणजे माणूस जन्मतःच असा आहे असं वाटावं. दोघांमधलं बोलणं हवापाणी, महागाई आणि मुलांचं कौतुक यापलीकडे गेलेलं नाही. तर त्या विहीणबाई फोनवर अतिशय मायेने म्हणाल्या, "भाऊसाहेब, पोट कसं आहे आता? काल बाथरूमच्या फारच फेऱ्या झाल्या म्हणे."

काकांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा कानाला लावला, उत्तम आहे असं सांगितलं, हवापाण्याची चौकशी केली आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

झालं होतं असं, की बाथरूमचा नळ गळत होता. काका आदल्या दिवशी वायसर बदलत होते. पाना घ्यायला बाहेर, पाना घेऊन आत, पाना लहान म्हणून पुन्हा बाहेर, दोरा विसरला म्हणून पुन्हा आत. पांढऱ्या बटणाने प्रत्येक वेळी इमानेइतबारे नोंद घेतली, आणि यंत्रणेने त्यावरून काकांचं पोट बिघडल्याचा निष्कर्ष काढून रोजच्या अहवालात घातला. तो अहवाल रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर जातो ही बातमी काकांना तेव्हा कळली. ग्रुपवर मुलगी, जावई, विहीणबाई, जावयांची बहीण, आणि जावयांचे एक मामा, जे डॉक्टर नाहीत पण औषधांच्या दुकानात खूप वर्षं होते. दुपारपर्यंत निम्म्या ग्रुपने काकांना केळी खायला सांगितलं होतं आणि उरलेल्या निम्म्याने केळ्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. मामांनी एक गोळीही सुचवली. नळ दुरुस्त झाला का, असं एकानेही विचारलं नाही.

मोजणी बरोबर आणि अर्थ चूक, हा प्रकार काकांनी नोकरीत पुष्कळ पाहिला होता, पण तिथे निदान माल कांद्यांचा असे. त्यांनी स्टिकरवरच्या नंबरवर फोन लावला. आधी एक दाबा, मग दोन दाबा, मग बराच वेळ बासरी ऐका, आणि मग एक गोड आवाज. त्या आवाजाने काकांची संपूर्ण तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि सांगितलं की तक्रार ग्राहकानेच करावी लागते.

मीच तो, असं काका म्हणाले. आवाज म्हणाला, नाही सर, ग्राहक तुमची कन्या आहे. मग मी कोण, असं काकांनी विचारलं.

"तुम्ही लाभार्थी."

लाभार्थ्याला तक्रार असेल तर त्याने ती ग्राहकाला सांगावी आणि ग्राहकाने कंपनीला कळवावी, अशी पद्धत होती. अहवाल कोणाला जावा हे ग्राहकच ठरवतो. बटण काढायचं तर तेही ग्राहकच सांगतो. आणि या सगळ्याला लाभार्थ्याची संमती आहे का, असं काकांनी दात आवळून विचारलं, तेव्हा आवाजाने आनंदाने सांगितलं की हो तर, संमती तुम्ही दिलेलीच आहे, इथे खूण दिसते.

ती खूण जावयांनी केली होती. संध्याकाळी फोनवर त्यांनी ते लगेच कबूल केलं, म्हणजे त्यात कबूल करण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नव्हतं. बाबा, ती एक चौकट असते, तिच्यावर बोट ठेवायचं असतं, ती कोणी वाचत नाही, असं ते म्हणाले. दुकानदाराच्या वतीने शेजारच्या दुकानदाराने सही केली तर काका दोघांनाही कोर्टात उभं करत असत. आणि इथे स्वतःच्या संडासाच्या दारावर कोण पहारा ठेवणार, या प्रश्नाला त्यांच्या वतीने जावयांनी, तेही बहुधा चहा पिता पिता, हो म्हणून टाकलं होतं.

मग मुलगी फोनवर आली. काकांनी आवाज चढवला, तिनेही चढवला, आवाजाच्या बाबतीत ती बापावरच गेली आहे. शेवटी तिने एकच वाक्य सांगितलं. "यंत्रणा बंद केलीत ना बाबा, तर मी येऊन तुम्हाला इकडे घेऊन येईन. तुमची खोली तयार आहे."

खोली तयार असल्याचं काकांना ठाऊक होतं. चांगली हवेशीर खोली, खिडकीत झाड, सगळं होतं. पण तिथे काकांची गॅलरी नव्हती. इथे गॅलरीत त्यांचं एक टेबल आहे, त्यावर पितळी तराजू, लहानमोठे पाने, आणि आजूबाजूच्या लोकांनी दुरुस्तीला आणून टाकलेली घड्याळं. ज्या खुर्चीवर बसून काकू भाजी निवडत त्या खुर्चीवर बसून काका ती घड्याळं उघडतात. लेकीकडे ते पाहुणे होते, कितीही लाडके झाले तरी पाहुणेच, सकाळी सगळ्यांच्या आधी भांग पाडून बसणारे. इथे ते घरी होते. तेव्हा प्रश्न सरळ होता, एक तर घर सोडा, नाही तर बाथरूमच्या दाराची लाज सोडा.

दोन्ही सोडायचं नाही, असं काकांनी ठरवलं. त्यांनी तिसरा मार्ग काढला, आणि तो खात्याचा होता. जे यंत्र खोटं ठरतं ते जप्त होतं. ही यंत्रणा माणूस पडला की ओळखते असा कंपनीचा दावा. ठीक आहे, करूया तपासणी.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने स्वतः हळूच जमिनीवर बसून पाहिलं असतं. पण काकांना ते पटेना. तपासणीला प्रमाणित वजन लागतं. निवृत्तीच्या वेळी खात्याने त्यांना जुन्या लोखंडी वजनांचा संच भेट दिला होता, तो त्यांनी कपाटातून काढला. स्वतःच्या वजनाइतकी वजनं एका गादीत भरली, गादी गुंडाळून सुतळीने बांधली, आणि डोळ्यावर अन्याय नको म्हणून तिला आपला निळ्या चौकटीचा शर्ट आणि पँट चढवली. बाह्यांत टॉवेल कोंबले. मनगटाच्या जागी पट्टा बांधला. मग तो ऐवज कसाबसा उभा करून, पायाशी सतरंजी अंथरून, काकांनी हात सोडले.

खिडकीची काच वाजली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. डबी गप्प.

काकांनी पुन्हा उभं केलं, पुन्हा सोडलं. डबी गप्पच. एकाच मोजणीवर निकाल द्यायचा नाही हा खात्याचा नियम, म्हणून धापा टाकत त्यांनी आणखी एकदा सोडलं, तेव्हा डबी बोलली. "शाब्बास आजोबा. आज तुमची हालचाल खूपच छान आहे."

काकांना इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता. यंत्र नापास. त्यांनी पट्टा सोडवून पुन्हा स्वतःच्या मनगटावर बांधला, कारण यंत्र मूळ स्थितीत ठेवायचं असतं. गादीचा माणूस मात्र पुरावा म्हणून हॉलमध्ये होता तसाच पालथा राहू दिला. त्याच्याखालून ओढून काढलेल्या सतरंजीतून वर्षानुवर्षांची धूळ उठली होती, ती झटकावी म्हणून ते गॅलरीत गेले, घरात धूळ नको म्हणून दार लावून घेतलं, सतरंजी कठड्यावर टाकली आणि काठी घेऊन तिला धपाधप बडवायला सुरुवात केली. त्या फटक्यांत थोडी कंपनी होती, थोडे जावई होते आणि बराचसा तो गोड आवाज होता.

पट्टा आता जागा झाला. गादी आपटून जे त्याला कळलं नव्हतं ते सतरंजी बडवल्यावर एकदम कळलं. लाभार्थी पडले, असा त्याने निरोप धाडला. डबी बंद दारापलीकडे ओरडायला लागली. हॉलमध्ये काकांचा फोन वाजून वाजून थकला. कंपनीने ग्राहकाला कळवलं. ग्राहक मीटिंगमध्ये होती, ती उठून बाहेर आली आणि तिने फोनवर घरातला डोळा उघडला. हॉलच्या मधोमध एक आकृती पालथी पडलेली होती. हात पसरलेले होते. ती हलत नव्हती.

मुलीने शिवणबाईंना फोन केला. शिवणबाईंनी किल्ली घेतली, पण एकटीने जायला धीर होईना, म्हणून बँकवाल्यांना हाक मारली. बँकवाले बाईमाणसाला पुढे कसं करायचं म्हणून स्वतः पुढे झाले. दार उघडलं, तर समोर निळ्या चौकटीचा ओळखीचा शर्ट. बँकवाले वाकले, खांद्याला हात लावायला गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की शर्टाच्या वर डोकं नाही.

बँकवाले पडले. हे पडणं खरं होतं, काही शंका घ्यायला जागा नव्हती, माणूस सरळ आडवा. डोळा वरून बघत होता. त्याची कुठेही नोंद झाली नाही. डबी तेवढी म्हणाली, आजोबा, पाणी प्यायची वेळ झाली हं. आणि आवाज कसला म्हणून काका गॅलरीचं दार उघडून आत आले, धुळीने पांढरेफटक, हातात काठी.

तिकडे मुलीला फोनवर दिसलं ते असं. एक माणूस पडलेला आहे, दुसरा त्याच्याजवळ येऊन पडला, आणि तिसरा काठी घेऊन दोघांच्या उशाशी उभा आहे. ती तशीच विहीणबाईंना घेऊन गाडीने निघाली, आणि वाटेत तिचा फोन कोणाला लागेना.

बँकवाले पाणी शिंपडल्यावर उठून बसले. लागलं काही नव्हतं. पण आपण एवढे पडलो आणि कोणालाही कळवलं गेलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं. तेवढ्यात कंपनीने धाडलेली अँब्युलन्स आली. तिला पेशंट हवा होता, रिकामं जाता येत नाही म्हणून तिच्यातल्या माणसांनी बँकवाल्यांचं ब्लडप्रेशर मोजलं. काकांनी कंपनीला फोन करून ठणकावून सांगितलं की मी पडलेलो नाही, मी बोलतोय, माझा आवाज ऐका. गोड आवाज म्हणाला, सर, लाभार्थ्याच्या तोंडी सांगण्यावरून अशी नोंद बंद करता येत नाही. आमच्याकडे तुम्ही अजून पडलेलेच आहात.

संध्याकाळी दारात गाडी थांबली. मुलगी चप्पल न काढताच आत आली, मागून विहीणबाई. काका धुळीने माखलेल्या बनियनवर होते, शर्ट अजून गादीच्या अंगात होता. विहीणबाईंसमोर बनियनवर. त्यांनी घाईघाईने सतरंजी अंगाभोवती ओढली. मुलीने काही न बोलता त्यांचे दोन्ही दंड चाचपून पाहिले, डोकं चाचपलं, आणि मग त्या गादीच्या माणसावर बसून ती हुंदके देऊन रडली. सगळा रस्ताभर मी काय काय मनात आणलं तुम्हाला माहीत आहे का, असं म्हणाली. काकांना बोलायचं खूप होतं. तपासणीचा निकाल सांगायचा होता. पण तिचं नाक लाल झालेलं बघून ते चहा टाकायला निघून गेले. चहा झाल्यावर मुलीने डोळे पुसले आणि सांगितलं, "बाबा, उद्या बॅग भरा."

सकाळी काका नेहमीच्या सवयीने आधी उठले. बॅग काढून पलंगावर ठेवली, पण भरायला मन होईना. तेवढ्यात बाहेर चाहूल लागली म्हणून बघितलं, तर विहीणबाई खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दाराशी थबकल्या होत्या आणि चौकटीवरच्या पांढऱ्या बटणाकडे बघत होत्या. एक पाऊल पुढे टाकत होत्या, परत मागे येत होत्या.

"भाऊसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "हे माझंही मोजणार का हो?"

काकांना खोटं बोलता आलं नाही. मोजणार, म्हणाले. पण तुमच्या नावावर नाही, माझ्या नावावर.

विहीणबाई जायच्या तशा गेल्या, माणूस करणार काय. मुलगीही गेली. आणि चहाच्या वेळेला ग्रुपवर अहवाल आला की लाभार्थ्याच्या फेऱ्या पुन्हा वाढल्या आहेत, काळजी घ्यावी. पाठोपाठ मामांचा फोन. पोटाचं मी आधीच सांगितलं होतं, गोळी घेतली का, आणि आता नक्की काय होतंय ते सविस्तर सांगा. काकांचा फोन तेव्हा विहीणबाईंनी उचलला होता. मामा म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ. सविस्तर हा शब्द ऐकून विहीणबाईंचा चेहरा असा झाला की मुलीने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला.

मग ती त्या पांढऱ्या बटणाकडे बघायला लागली. काकांच्या अहवालात आता तीही होती, आणि तो तिच्याच सासरच्या ग्रुपवर गेला होता.

दहाच्या सुमाराला कालच्या नोंदीची चौकशी करायला कंपनीच्या समन्वयक बाई आल्या, कडक कपडे, हातात टॅबलेट. त्या थेट मुलीसमोर बसल्या आणि विचारायला लागल्या, आजोबा जेवतात का नीट, आजोबा चिडचिड करतात का, आजोबा यंत्रणेला सहकार्य का करत नाहीत. आजोबा समोरच्याच खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात बसले होते. काकांनी त्यांना शांतपणे विचारलं की तुमच्या व्यवसायाचे काही नियम आहेत का. बाई मुलीकडे बघून म्हणाल्या, आहेत ना, आमची सुंदर आचारसंहिता आहे. वाचा, म्हणाले काका. बाईंनी टॅबलेटवर शोधून वाचलं, मुलीलाच, की सेवा घेणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीशी नेहमी थेट बोलावे.

विहीणबाईंनी खोकल्यासारखं केलं. बाई हळूच खुर्चीतल्या खुर्चीत काकांकडे वळल्या, आणि मग आपण काय विचारत होतो ते त्यांना आठवेना.

काका मात्र बाईंशी भांडले नाहीत. ते मुलीकडे वळले. "पडायची भीती तुझ्याइतकीच मलाही आहे. पट्टा राहू दे, मी घालीन. पण त्या दारावर काय लावायचं ते मला विचारायचं होतंस. मी हो म्हणालो असतो की नाही, ते जाऊ दे. विचारायचं होतंस एकदा."

"मला भीती होती तुम्ही नाही म्हणाल," मुलगी म्हणाली.

"मग नाही म्हणालो असतो. भांडलो असतो. आजवर भांडलो नाही का आपण?"

मुलगी उठली, स्वयंपाकघरातून भाजी कापायची सुरी आणली, स्टुलावर चढली आणि पांढरं बटण चौकटीवरून उचकटून काढलं. बाई म्हणाल्या, मॅडम, त्याने हमी रद्द होते. मुलगी म्हणाली, होऊ दे. डोळा, चटई, फ्रिजची पट्टी सगळं निघालं. जातीने स्टूल धरून विहीणबाई उभ्या होत्या, आणि असलं काही आमच्या घरी बसवायचा विचार असेल तर आत्ताच सांग, असं सुनेला बजावत होत्या. डबी निघताना म्हणाली, आजोबा, आज मन उदास वाटतंय का. काकांनी तिला स्वतः खोक्यात घातलं. पट्टा तेवढा राहिला. पडल्याचा निरोप आता दोघींनाच जातो, मुलीला आणि शिवणबाईंना, आणि सतरंजी बडवण्यापूर्वी तो काढून ठेवायचा असं ठरलं. टॉवेलचा दांडा काकांनी स्वतः नवा बसवला, लांब स्क्रू घालून, आणि गादीतली सगळी वजनं त्याला टांगून पाहिली. बॅग परत कपाटावर गेली, आणि मुलगी आणि विहीणबाई संध्याकाळी आपल्या गाडीने परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी ऑफिसला जाता जाता गाडीतून फोनवर म्हणाली, "बाबा, एक विचारू का? तुम्हाला चालणार असेल तरच."

विचार की, म्हणाले काका.

"पोट कसं आहे?"

काका गॅलरीतल्या खुर्चीत ऐसपैस टेकले. प्रश्न रीतसर आला होता, थेट आला होता आणि आधी परवानगी घेऊन आला होता. त्यामुळे त्यांनी त्याला रीतसर उत्तर दिलं. रात्री काय खाल्लं इथपासून सुरुवात करून, सकाळी जाग आल्यावर कसं वाटलं, पहिल्यांदा कधी गेलो, मग चहा, मग पुन्हा कधी, तेव्हा काय झालं आणि काय झालं नाही, यातलं काही म्हणजे काही न गाळता. मुलीचं ऑफिस आलं, तिने गाडी लावली, तिच्या मीटिंगची वेळ झाली. पण मधे थांबवायची तिची टाप नव्हती, विचारलं तिनेच होतं. शेवटी काका म्हणाले की असो, एकंदरीत उत्तम आहे, आणि हे सगळं ग्रुपवर टाकू नकोस, विहीणबाईंना नुसतं हवापाणी सांग.